विजय तेंडुलकर : कोतवाल ते फौजदार

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका मोठ्या मराठी माणसाची ओळख करून देतो. यंदा आम्ही विजय तेंडुलकरांचे नाव सुचवले तेव्हा मंडळातल्या तरुण मुलांना आधी सचिनच आठवला. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो, आमच्या या तेंडुलकरांच्या हातात बॅट नव्हती, पेन होते. त्या पेनाने त्यांनी तीसेक नाटके लिहिली, शिवाय एकांकिका, कथा, ललित लेख आणि चित्रपटांच्या पटकथा लिहिल्या. एवढे सगळे चार पानांत मावणार नाही. त्यामुळे त्यांचे आयुष्य आम्ही एकाच बाजूने सांगणार आहोत. वर्दीतला माणूस त्यांनी कसा पाहिला, ही ती बाजू. आज टीव्हीवर रोज एखादा वर्दीवाला हिरो गुंडांना हवेत उडवत असतो. वस्तीतला पोलीस, गुंड आणि पुढारी यांचे नाते पडद्यावर पहिल्यांदा नीट उलगडून दाखवणाऱ्यांत एक मराठी लेखक होता, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे असे आम्हाला वाटते.

तेंडुलकरांचा जन्म ६ जानेवारी १९२८ चा. वडील धोंडोपंत कारकुनी करीत आणि जोडीला छोटासा प्रकाशनाचा उद्योग सांभाळीत. त्यांना स्वतःला हौशी रंगभूमीचे वेड होते. घरात पुस्तके आणि नाटकाच्या गप्पा असल्याने मुलाने अकराव्या वर्षी स्वतःचे नाटक लिहून बसवलेसुद्धा. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या या मुलाचे शिक्षण मात्र अर्धवट राहिले. १९४२ च्या चळवळीत तो ओढला गेला, शाळा सुटली ती कायमची. पदवी नाही, ओळखपाळख नाही. पुढे पोटासाठी वर्तमानपत्रांत नोकऱ्या केल्या. ‘नवभारत’, ‘मराठा’, ‘लोकसत्ता’, मासिकांपैकी ‘वसुधा’ आणि ‘दीपावली’ अशी ही यादी आहे. पत्रकाराच्या टेबलावर रोज बातम्या येतात. अमुक वस्तीत मारामारी, तमुक ठाण्यात आरोपीचा मृत्यू. चार ओळी छापायच्या आणि पुढच्या बातमीकडे वळायचे. आमच्या मते तेंडुलकरांचे खरे कॉलेज हेच.

‘गृहस्थ’, ‘श्रीमंत’ ही सुरुवातीची नाटके. मग ‘रंगायन’ मंडळींचा सहवास लाभला आणि १९६७ साली ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आले. त्यातली मिस बेणारे सुलभा देशपांडे यांनी उभी केली. खोट्याखोट्या खटल्याच्या खेळात साधीसुधी मध्यमवर्गीय माणसे एका बाईला कसे फाडून खातात, हे त्या नाटकाने दाखवले. न्यायालय हा शब्द त्यांच्या नाटकात आला तो असा. पोलीस यायला अजून पाच वर्षे होती.

ते वर्ष १९७२. त्या वर्षी मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. खटला वर्षानुवर्षे चालला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडून दिले आणि देशभरातल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. तेंडुलकरांनी या घटनेवर नाटक लिहिले असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या वर्षी ठाण्याच्या चार भिंतींत हे घडले, त्याच वर्षी १६ डिसेंबरला पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, हे मनात ठेवून ते नाटक पाहिले तर ते पेशवाईचे राहत नाही.

घाशीराम सावळदास ही इतिहासातली व्यक्ती. उत्तरेकडून आलेला हा माणूस नाना फडणवीसांच्या काळात पुण्याचा कोतवाल झाला. त्याच्या कोठडीत कोंडलेली ब्राह्मण माणसे गुदमरून मेली, शहर खवळले आणि १७९१ साली लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. इतिहास एवढाच. तेंडुलकरांनी त्याला नाटकात वेगळा जन्म दिला. त्यांचा घाशीराम कनोजहून पोट भरायला पुण्यात येतो, चोरीचा खोटा आळ येतो, मार खातो, कोठडीत पडतो आणि गावाबाहेर हाकलला जातो. सूड घ्यायचा तर हातात अधिकार हवा. अधिकार देणारा एकच माणूस, नाना. आणि नानाला हवी असते घाशीरामची कोवळी मुलगी, गौरी. सौदा होतो. बाप मुलगी देतो, नाना कोतवाली देतो.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. आपण भ्रष्टाचार म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर टेबलाखालून सरकणारी नोट येते. तेंडुलकरांना त्या नोटेत फारसा रस नव्हता. कोतवाल नेमला कोणी, आणि त्या नेमणुकीची किंमत कोणी मोजली, हा त्यांचा प्रश्न होता. घाशीराम पुढे परवान्यांचा कारभार सुरू करतो. रात्री बाहेर पडायला परवाना, कुठे जायचे तर परवाना, आणि नाही दाखवला तर कोठडी. लोक चळचळा कापतात. शिव्या घाशीरामला बसतात, नाना मात्र वाड्यात निवांत. पापे याच्या खात्यावर, सुख आपल्या पदरात, हा नानाचा हिशेब. शेवटी जमाव दाराशी येतो तेव्हा नाना एका कागदावर सही करून घाशीरामला जमावाच्या हवाली करतो आणि उत्सव जाहीर करतो. माणूस बदलला, खुर्ची शाबूत.

हे नाटक सुरू होते आपल्या गणरायाच्या नर्तनाने. एका रांगेत उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांची भिंत, कीर्तन, लावणी, दशावतारी खेळाचा बाज, भास्कर चंदावरकरांचे संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्य आणि दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. नाना झाले डॉ. मोहन आगाशे, घाशीराम झाले रमेश टिळेकर. नानांची आणि ब्राह्मणांची बदनामी झाली म्हणून केवढा गदारोळ उठला! एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवले. मग त्याच तरुण मंडळींनी ‘थिएटर अकॅडमी’ काढून ते पुन्हा उभे केले. १९८० च्या युरोप दौऱ्यालासुद्धा विरोध झाला. त्याच सुमारास ‘सखाराम बाइंडर’वर सेन्सॉरची कात्री चालली आणि कमलाकर सारंगांना कोर्टाची पायरी चढावी लागली. कोतवालावर नाटक लिहिणाऱ्याच्या नाटकांना पोलीस बंदोबस्त लागायचा, हा योगायोग तेंडुलकरांना नक्कीच गमतीचा वाटला असेल.

१९७३ ते ७५ या काळात नेहरू फेलोशिप मिळवून ते देशभर हिंडले. विषय होता समाजात वाढत चाललेली हिंसा. शाळा अर्धवट सोडलेला माणूस अशा अभ्यासाला निघतो आणि परत येऊन ग्रंथ लिहिण्याऐवजी पटकथा लिहितो, यात त्यांचा स्वभाव दिसतो. ‘सामना’ (१९७५) मध्ये साखरसम्राट हिंदुराव आणि दारुडा मास्तर समोरासमोर आले. निळू फुले आणि डॉ. लागू यांची ती जुगलबंदी घरातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. श्याम बेनेगलांसाठी ‘निशांत’ लिहिला. आणि ‘मंथन’ तर आपल्या गुजरातचा! पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये काढून बनवलेला चित्रपट, आणि त्याच्या पटकथेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेंडुलकरांना. ‘सिंहासन’ अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा.

आमच्या विषयाला लागून येतो तो ‘आक्रोश’ (१९८०). दिग्दर्शक गोविंद निहलानी. बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली पकडलेला लहान्या भिकू हा आदिवासी बोलतच नाही. त्याचा वकील सत्य शोधत फिरतो, आणि त्याच गावात पोलीस अधिकारी, ठेकेदार, पुढारी आणि इतर प्रतिष्ठित मंडळी संध्याकाळी एकत्र पत्ते खेळत असतात. एका टेबलाभोवती बसलेली ही माणसे कोणाला काही देत-घेत नाहीत. तरी खटल्याचा निकाल तिथेच लागलेला असतो.

आता त्या वेळच्या मुंबईकडे येऊ. दारूबंदीच्या राज्यात राहणाऱ्या आपल्या वाचकांना गुत्ता आणि हप्ता यांचे नाते समजावून सांगायला नको. तोच जुन्या मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा १९६० नंतर गुजरातकडे राहिला. मुंबईत त्या कायद्याच्या काळात धारावी-माटुंग्याकडे हातभट्टीवर मोठे झालेले दादा पुढे सगळ्याच धंद्यांत उतरले. वस्तीत दादा, ठाण्यात ओळख आणि निवडणुकीत कामाला येणारी पोरे, अशी ती साखळी. १९८२ हे साल तर मुंबईला विसरताच येणार नाही. जानेवारीत वडाळ्याला मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीला बळी पडला आणि चकमक हा शब्द घरोघरी गेला. त्याच महिन्यात गिरण्यांचा संप सुरू झाला, लाखो घरांची चूल विझली. ऑगस्टमध्ये खुद्द पोलीस शिपाईच रस्त्यावर आले. तुटपुंजा पगार, चोवीस तासांची ड्युटी, साहेबांच्या घरची कामे, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. त्या आंदोलनात शहर पेटले आणि लष्कर बोलवावे लागले. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, ऑगस्ट १९८३ मध्ये, ‘अर्धसत्य’ लागला.

मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, नाव ‘सूर्य’. पटकथा तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, दिग्दर्शन पुन्हा निहलानींचे. चित्रपटाचे नाव आले दिलीप चित्रे यांच्या कवितेवरून, आणि चित्रे जन्माने बडोद्याचे. एकूण काय, हिंदी म्हणून गाजलेल्या या चित्रपटाचा कणा मराठीच होता.

अनंत वेलणकर हा सब-इन्स्पेक्टर. बाप पोलिसातूनच निवृत्त झालेला, तापट. लहानपणी अनंतने बापाला आईवर हात उगारताना पाहिले आहे. त्याला पुढे शिकायचे होते, बापाने वर्दीत ढकलले. पहिल्यांदा तो एका साध्या गरीब माणसाच्या तक्रारीवर वस्तीतल्या टवाळखोरांना धरून आणतो आणि बदडतो. त्यांच्यामागे आमदार निघतो, अनंतवर निलंबनाची पाळी येते. त्याचा वरिष्ठ हैदर अली वाईट माणूस नाही. तो त्याला एका मध्यस्थाकडे नेतो, ज्याचे हात दिल्लीपर्यंत पोचतात. प्रकरण मिटते. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. अनंतने पैसा खाल्लेला नाही. कायद्याने वागला, आणि कायद्याने वागल्याची शिक्षा टाळायला त्याला वशिला लावावा लागला. भ्रष्ट होण्याची पहिली पायरी प्रामाणिक माणूस अशी चढतो.

मग रामा शेट्टी. एक भाजलेला, मरणाच्या दारातला माणूस अनंतला जबाब देतो. अनंत पुरावा घेऊन शेट्टीला अटक करायला जातो. शेट्टी जागचा हलतसुद्धा नाही. एक फोन लावतो आणि अनंतच्या हाती देतो. पलीकडे अनंतचाच साहेब. अनंत परत फिरतो. नगरचे सदाशिव अमरापूरकर तोपर्यंत रंगभूमीवरचे नट होते. या एका भूमिकेने ते देशाला ठाऊक झाले. त्यांनी आवाज चढवलाच नाही. ज्याची सोय वरती झालेली आहे त्याला ओरडावे लागत नाही, हे त्यांच्या बसण्यातूनच कळते.

यानंतरची उतरण भराभर होते. जीव धोक्यात घालून पकडलेल्या दरोडेखोराचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला जाते. निलंबित होऊन दारूत बुडालेला माइक लोबो (नसीरुद्दीन शाह) अनंतला स्वतःच्या उद्याच्या रूपासारखा भेटत राहतो. अनंत पिऊ लागतो. ज्योत्स्ना, म्हणजे स्मिता पाटील, ही प्राध्यापिका मैत्रीण त्याला ओळखेनाशी होते. आणि एका रात्री रेडिओ चोरल्याच्या आरोपावरून आणलेल्या क्षुल्लक चोराला तो लॉकअपमध्ये मरेपर्यंत मारतो. शेट्टीवरचा, साहेबावरचा, बापावरचा सगळा राग त्या गरीब अंगावर निघतो. वरच्यावर हात टाकता येत नाही तेव्हा हात खाली पडतो. वस्तीतला गरीब माणूस ठाण्याची पायरी चढायला का कचरतो, याचे याहून सरळ उत्तर आम्ही दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेले नाही.

आता नोकरी आणि गळा दोन्ही वाचवायचे तर जाणार कोणाकडे? निवडणुकीला उभ्या राहिलेल्या त्याच शेट्टीकडे. शेट्टी मदतीला तयार आहे, फक्त माणूस म्हणून आपल्याकडे राहायचे. अनंत त्याचा गळा दाबतो आणि ठाण्यात येऊन स्वतःला हजर करतो. ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार आणि कार्लोव्ही व्हेरीचा अभिनयाचा पुरस्कार मिळाला. फिल्मफेअरने चित्रपट, दिग्दर्शन, अमरापूरकर, पानवलकरांची कथा आणि तेंडुलकरांची पटकथा या सगळ्यांना गौरवले. त्याच १९८३ साली, देसाईगंजच्या प्रकरणानंतर उठलेल्या आंदोलनामुळे, कोठडीतल्या बलात्काराविषयीचा कायदा बदलला.

दहा वर्षे आधीचा ‘जंजीर’ आठवा. तोही प्रामाणिक इन्स्पेक्टर, त्याच्यावरही लाचेचा खोटा आळ. पण तिथे सगळा दोष एका तेजाचा. तेजा संपला की गाव स्वच्छ. त्याच १९७३ साली अमेरिकेत ‘सर्पिको’ आला. न्यूयॉर्कच्या एका खऱ्या पोलिसाची ती गोष्ट. हप्ता घेत नाही म्हणून त्याच्या ठाण्यातलेच सोबती त्याला परके मानू लागतात. तेंडुलकरांचा रस्ता या दुसऱ्याच्या जवळचा आहे, तरी एक पाऊल पुढे जातो. सर्पिको शेवटपर्यंत स्वच्छ राहतो, वेलणकर राहत नाही. त्याच्या हातून खून झालेला आहे, तोही एका निराधार माणसाचा.

आणि ‘सिंघम’ (२०११)? आमच्याही घरी मुले तो पाठ म्हणतात, आम्हीही पाहतो, नाही म्हणणार नाही. शेवटी अख्खे पोलीस खाते एकत्र येऊन जयकांत शिक्रेला मारते आणि खोटा बनाव रचते, तेव्हा टाळ्या पडतात. आम्हाला तिथे वेलणकरचा लॉकअप आठवतो. ज्या हाताला शिक्रेसाठी आपण मोकळीक दिली, तोच हात रेडिओचोरावर पडणार नाही याची खात्री कोण देणार? मंडळातल्या काहींना हे पटत नाही. आपल्यातल्या कित्येक घरांत कोणाचा मामा, कोणाचा मेहुणा पोलिसात आहे, आणि सिनेमावाले पोलिसांना उगाच बदनाम करतात अशी त्यांची तक्रार आहे. त्यांच्यासाठीच हे लिहिताना आम्हाला वाटते की वेलणकरइतकी पोलिसाची बाजू दुसऱ्या कोणी मांडली नसेल. सुरतेतल्या मोठ्या मूर्ती विसर्जनाला आपल्या हजीऱ्याच्या समुद्रावर येतात त्या दिवशी पहाटेपर्यंत पाय दुखवत उभा राहणारा शिपाई आपण पाहतोच. त्याची बदली कोणाच्या शब्दावर व्हावी, हाच घाशीरामपासूनचा प्रश्न आहे. २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच दुखण्यावर बोट ठेवले. महत्त्वाच्या पदावरच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षे हलवू नये, बदल्यांसाठी खात्यातलेच मंडळ असावे, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र प्राधिकरण असावे, असे आदेश दिले. त्याआधी १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले होते. अटक केल्याची नोंद, नातेवाइकांना कळवणे, वैद्यकीय तपासणी हे सगळे त्यात आले. हे नियम प्रत्येक घरात माहीत असावेत.

तेंडुलकरांना १९८४ मध्ये पद्मभूषण मिळाले, ‘कन्यादान’साठी सरस्वती सन्मान मिळाला. मुलगी प्रिया दूरदर्शनवरची ‘रजनी’ म्हणून घरोघरी पोचली. गॅस सिलिंडरपासून सरकारी कचेरीपर्यंत जाब विचारणारी बाई. वडील साखळी दाखवत होते, मुलगी तिच्या अगदी खालच्या कडीशी भांडत होती, असे आम्हाला गमतीने वाटते. उतारवय मात्र फार कठीण गेले. मुलगा राजा, पत्नी निर्मलाबाई आणि २००२ मध्ये प्रिया, अशी घरची माणसे एकामागून एक गेली. तरी ते लिहीत राहिले, तरुण नाटकवाल्यांशी बोलत राहिले. स्नायूंच्या दीर्घ आजाराने १९ मे २००८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय ऐंशी.

‘अर्धसत्य’ आपण गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता मंडपात पडद्यावर दाखवणार आहोत. लॉकअपचा प्रसंग लहानांना झेपणारा नाही, तेव्हा त्यांना आरती-प्रसादानंतर घरी सोडून यावे. शिफ्ट सुटून येणाऱ्यांसाठी मागच्या बाजूला खुर्च्या राखून ठेवल्या आहेत.